लहान तोंडी मोठा घास



उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावातील माणसांनी एकत्र बसावे आणि कोणी जाणत्याने चार गोष्टी सांगाव्यात, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून ती गावोगाव पसरली. या व्यासपीठावरून बोलणारे बहुधा विद्वान असतात. आम्ही तसे नाही. आमचे शिक्षण कारखान्यात झाले आणि उरलेले सार्वजनिक वाचनालयात झाले. समोर बसलेल्या आपणांपैकी पुष्कळजण आमच्याहून अधिक शिकलेले आहेत. तरीही आपण आमचे ऐकावयास आला आहात. म्हणूनच आज जो विषय आम्ही घेतला आहे, तो या सभेला साजेसाच आहे. कसलेल्या खेळाडूने आपल्याहून कमी प्रतीच्या खेळाडूचा सल्ला ऐकावा काय?

हा प्रश्न आम्ही पुस्तकातून काढलेला नाही. संघटनेच्या कचेरीत पाळी सुटल्यावर कॅरमचा बोर्ड मांडला जातो. खेळणारे चार आणि सांगणारे चौदा. ज्यास स्वतःस राणी घेऊन वर कव्हर करता येत नाही, तोच सर्वांत मोठ्याने सांगत असतो. मग एखादा पट्टीचा खेळाडू मान वर करून म्हणतो, "तू ये खेळायला." चौदाजण गप्प होतात. गडबड मिटते, पण प्रश्न मिटत नाही. कारण त्या चौदांतला एखादा पुष्कळदा बरोबर सांगत असतो, आणि तो गप्प बसल्यामुळे डाव हातचा जातो. बोर्डावर गेला तर डावच जातो. दुसरीकडे याहून पुष्कळ अधिक जाते, ते पुढे सांगू.

प्रथम विरुद्ध पक्ष नीट ऐकू. आपल्या भाषेने या बाबतीत निकाल केव्हाच दिला आहे, असे कोणी म्हणेल. लहान तोंडी मोठा घास घेऊ नये. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? काठावर बसून पोहणे शिकविणाऱ्याची थट्टा आपण सगळेच करतो. या म्हणी उगाच पडलेल्या नाहीत. ताशी 140 किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत पोचावयास अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात चेंडू ओळखावयाचा, पाय हलवावयाचा, बॅट आणावयाची. जो तेथे कधी उभा राहिला नाही त्यास छातीतली धडधड ठाऊक नाही, पायाखालची खेळपट्टी ठाऊक नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते.

हा वाद मोठमोठ्यांतही झालेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाचे प्रशिक्षक जॉन बुकॅनन यांनी क्वीन्सलंडकडून प्रथम श्रेणीचे अवघे 7 सामने खेळले होते. 1999 ते 2007 या काळात त्यांनी जगातील सर्वांत बलाढ्य संघास सल्ला दिला. त्याच संघातील शेन वॉर्न, ज्यांच्या नावावर 708 कसोटी बळी आहेत, त्यांनी बुकॅनन यांच्या पद्धतीवर उघड टीका केली. त्या पातळीच्या खेळाडूंस असा प्रशिक्षक लागतच नाही, असा त्यांचा रोख होता. इकडे बुकॅनन यांच्या कारकीर्दीत ऑस्ट्रेलियाने 2003 आणि 2007 चे विश्वचषक जिंकले. इतक्या गुणी संघात यशाचे श्रेय कोणाचे किती, हे तराजूत घालून तोलता येणार नाही. म्हणून हे उदाहरण आम्ही कोणत्याही बाजूचा पुरावा म्हणून देत नाही. वाद खरा आहे, आणि दोन्ही बाजूंना शहाणी माणसे आहेत, एवढेच त्यातून घ्यावे.

आता आपल्या घरचे उदाहरण पाहू. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांनी किती खेळाडू घडविले हे मुंबईच्या माणसास सांगावयास नको. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, अजित आगरकर. स्वतः आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, तो 1963-64 च्या हंगामात. म्हणजे ज्यांना ते शिकवीत होते ती मुले सोळा-सतरा वर्षांची होताहोताच खेळाडू म्हणून सरांच्या पुढे गेली. मग सरांनी काय करावे? "आता तू माझ्याहून मोठा झालास, माझे काम संपले," असे म्हणावे? त्यांनी तसे म्हटले नाही. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवावे, सचिनला बाद करील त्याचे ते नाणे, आणि शेवटपर्यंत बाद झाला नाही तर ते सचिनचे. असली तेरा नाणी तेंडुलकर यांनी जपून ठेवली आहेत. 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडे मैदानावर निरोपाचे भाषण करताना त्यांनी सांगितले की, 29 वर्षांत सरांनी एकदाही आपणांस 'छान खेळलास' असे म्हटले नव्हते. ज्याच्यासमोर सारे जग टाळ्या वाजवीत होते, त्यास टाळी न देणारा एक माणूस लागत होता. तो माणूस त्याच्याहून चांगला फलंदाज असावा लागतो असे थोडेच आहे?

त्याच भाषणात त्यांनी थोरले बंधू अजित यांच्याविषयीही सांगितले. आदल्या दिवशी तेंडुलकर 74 धावांवर बाद झाले होते. पुन्हा फलंदाजीची पाळी येण्याची आशा जवळजवळ नव्हती. तरी त्या रात्री भाऊ फोन करून विचारीत होता, बाद कसा झालास? अजित यांचे नाव मोठ्या क्रिकेटमध्ये खेळाडू म्हणून कोणास आठवणार नाही. पण शंभर आंतरराष्ट्रीय शतके करणारा माणूस कारकीर्दीच्या शेवटच्या रात्रीदेखील त्यांच्याशी आपल्या चुकीची चर्चा करीत होता.

आणखी एक नाव घेऊ. फेब्रुवारी 1988 मध्ये शालेय सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी 664 धावांची अखंड भागी केली. त्या दोन्ही दिवशी पॅड बांधून पुढच्या क्रमांकाचा एक मुलगा आपली पाळी येण्याची वाट पाहत बसला होता. त्याची पाळी आलीच नाही. तो मुलगा अमोल मुजुमदार. पुढे त्याने प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये 11,000 हून अधिक धावा केल्या, आणि तरीही भारताच्या संघात त्याची पाळी कधीच आली नाही. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत हरमनप्रीत कौर यांच्या संघाने दक्षिण आफ्रिकेस 52 धावांनी हरवून महिलांचा विश्वचषक प्रथमच भारतात आणला, तेव्हा त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक अमोल मुजुमदार होते. एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला माणूस आंतरराष्ट्रीय खेळाडूंस सल्ला देत होता, आणि त्या मुलींनी तो घेतला.

हे कसे घडते? खेळणे हे एक काम आहे आणि खेळ पाहणे हे दुसरे काम आहे, असे आम्हांस वाटते. गिरणीतला नमुना घ्या. साच्यावर कापड विणणारा कामगार वेगळा असतो. विणलेले थान उजेडासमोर धरून त्यातला तुटका धागा शोधणारा वेगळा असतो. दोष शोधणाऱ्यास विणता आलेच पाहिजे असा नियम कोणत्याही गिरणीत नव्हता. त्यास पाहता आले पाहिजे, एवढाच नियम होता. विणकर कितीही कुशल असला तरी साचा चालू असताना त्यास थान लांबून पाहता येत नाही. खेळाडूचेही तसेच आहे. त्याचे कौशल्य जितके वाढते तितके ते त्याच्या हातात उतरते. हात आपोआप चालू लागतो, आणि जे आपोआप चालते त्यावर मालकाचे लक्ष राहत नाही. स्वतःचे कोपर स्वतःच्या डोळ्यांना खेळताना दिसत नाही.

बुद्धिबळात तर हे काम वाटूनच घेतात. रशियाचे मार्क द्वोरेत्स्की इंटरनॅशनल मास्टर होते, ग्रँडमास्टर हा वरचा किताब त्यांनी मिळविला नाही. पण आर्तुर युसुपोव यांच्यासारखे, जगातल्या पहिल्या फळीत बसणारे ग्रँडमास्टर त्यांच्यापाशी शिकले. ऑक्टोबर 2008 मध्ये जर्मनीतील बॉन शहरी विश्वनाथन आनंद आणि व्लादिमीर क्रॅमनिक यांची जगज्जेतेपदाची लढत झाली. आनंद यांच्याबरोबर चार सहायक होते: पीटर हाइने नील्सन, रुस्तम कासिमजानोव, राडोस्लाव वोयताशेक आणि आपले कोलकात्याचे सूर्यशेखर गांगुली. चौघेही ग्रँडमास्टर, पण आनंद यांच्या बरोबरीचा एकही नाही. मग त्यांचा उपयोग काय? आमच्या भाषेत सांगावयाचे तर ती रात्रपाळी होती. खेळणाऱ्याने झोप घ्यावी, आणि बाकीच्यांनी रात्र जागून एकेक चाल तपासावी. तिसऱ्या आणि पाचव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळून आनंद यांनी आधीपासून तयार केलेल्या मार्गाने दोन्ही डाव जिंकले, आणि लढत साडेसहा विरुद्ध साडेचार अशी घेतली. एकट्या माणसाची बुद्धी कितीही तीव्र असली तरी त्याच्या दिवसाचे तास चोवीसच. कमी प्रतीच्या चार खेळाडूंनी त्यास अधिक तास मिळवून दिले.

येथपर्यंत कोणी म्हणेल, हे सारे लोक धंद्यातलेच आहेत. आचरेकर सर काय, गांगुली काय, ते काही रस्त्यावरचे नव्हेत. बरोबर आहे. म्हणून आता अगदी शेवटच्या पायरीवरचे उदाहरण घेतो. डिसेंबर 2019 मध्ये तेंडुलकर यांनी स्वतः ही हकीकत जाहीरपणे सांगितली. पुष्कळ वर्षांपूर्वी कसोटी सामन्यासाठी ते चेन्नईच्या एका हॉटेलात उतरले होते. त्यांनी कॉफी मागविली. हॉटेलातील एक कर्मचारी आला आणि संकोचाने म्हणाला की, क्रिकेटविषयी काही बोलावयाचे आहे, बोलू का? परवानगी मिळाल्यावर त्याने सांगितले की, तुम्ही कोपरावर संरक्षक पट्टा बांधता तेव्हा तुमच्या बॅटची फिरकी बदलते. तो त्यांची फलंदाजी परत परत लावून, एकेक चेंडू अनेकदा पाहत असे. तेंडुलकर चकित झाले. पट्ट्याने काहीतरी अडते हे त्यांस जाणवत होते, पण ही गोष्ट त्यांनी कोणाजवळ काढली नव्हती. परत आल्यावर त्यांनी तो पट्टा नव्याने, हव्या त्या मापाचा करवून घेतला.

या हकीकतीत आमच्या आजच्या प्रश्नाचे सगळे उत्तर आहे, म्हणून ती जरा उलगडून पाहू. त्या गृहस्थाने 'तुम्ही पट्टा बांधू नका' असे सांगितले नाही. 'पुढच्या पायावर खेळा' असे सांगितले नाही. त्याने जे दिसले तेवढे सांगितले. पुढे काय करावयाचे ते तेंडुलकर यांनी ठरविले. पट्टा काढून टाकला असता तर कोपरास चेंडू लागला असता, तसाच ठेवला असता तर बॅट अडली असती. माप बदलावे, हा उपाय खेळाडूचाच होता. दिसलेले सांगणे आणि करावयाचे सांगणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट सांगण्यास डोळे आणि चिकाटी लागते, ती कोणापाशीही असू शकते. दुसरी सांगावयास त्या कामाचा अनुभव लागतो, आणि तो थोड्यांपाशीच असतो. आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही ही म्हण दुसऱ्या गोष्टीस लागू आहे. पहिल्या गोष्टीस ती लावणे हा अन्याय आहे.

म्हणून आमचे मत असे की, कसलेल्या खेळाडूने निरीक्षण कोणाकडूनही घ्यावे, उपाय मात्र निवडून घ्यावा.

पण सल्ला देणारेही काही कमी नाहीत. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे जागोजाग आहेत. आज तर ज्याच्या हातात फोन आहे तो प्रत्येकजण कर्णधारास क्षेत्ररचना सांगतो. सगळ्यांचेच ऐकावयाचे ठरविले तर खेळाडूस बॅट उचलता येणार नाही. तेव्हा चाळण लागते. संघटनेत शेकडो माणसांच्या सूचना ऐकता ऐकता आम्ही तीन प्रश्नांची चाळण वापरू लागलो, ती आपणांपुढे ठेवतो.

पहिला प्रश्न, या माणसाने पाहिले किती? तो मोठा की लहान, हे विचारू नये. कोठून पाहिले, किती वेळ पाहिले, हे विचारावे. हॉटेलातल्या त्या गृहस्थाने एकेक चेंडू अनेकदा पाहिला होता. कित्येक नामांकित समालोचकांनीही तेवढा पाहिला नसेल. दुसरा प्रश्न, तो नेमके सांगतो की मोघम सांगतो? 'तुमचा खेळ बिघडला' हा सल्ला नव्हे. 'पट्टा असताना बॅट वेगळी येते' हा सल्ला आहे, कारण तो पडताळून पाहता येतो. खोटा असेल तर दहा मिनिटांत खोटा ठरेल. तिसरा प्रश्न, सांगण्याची वेळ कोणती? बुद्धिबळाच्या नियमांप्रमाणे डाव चालू असताना बाहेरचा सल्ला घेणे वर्ज्य आहे. तो नियम प्रामाणिकपणासाठी आहेच, पण त्यात शहाणपणही आहे. गोलंदाज धावत येत असताना प्रेक्षागारातून ओरडलेला शब्द खरा असला तरी निरुपयोगी. सामना संपल्यावर, कॉफीच्या पेल्यापाशी सांगितलेला तोच शब्द लाखमोलाचा.

चाळण लावून घेतलेला लहानांचा सल्ला किती वजनदार होतो, याचाही एक दाखला आहे. 1999 साली गॅरी कास्पारोव्ह यांनी साऱ्या जगाविरुद्ध बुद्धिबळाचा एक डाव खेळला. 75 हून अधिक देशांतील 50,000 हून अधिक लोक इंटरनेटवरून मते देऊन जगाची चाल ठरवीत. त्यांना सुचविण्यासाठी चार तरुण सल्लागार नेमले होते. त्यांत 15 वर्षांची इरिना क्रश ही अमेरिकन मुलगी होती. दहाव्या चालीस तिने वजिराची एक नवी खेळी सुचविली, आणि जगज्जेत्यास विचारात पाडले. डाव चार महिने आणि 62 चाली चालला. इतके श्रम आपणांस दुसऱ्या कोणत्याच डावात पडले नाहीत, असे पुढे कास्पारोव्ह यांनी सांगितले. शेवटी जिंकले मात्र तेच. आम्ही सभांतून हात वर करून मते मोजणारी माणसे आहोत, म्हणून या डावाचा बोध आम्हांस फार जवळचा वाटतो. पन्नास हजार मतांची बेरीज केली म्हणजे ज्ञान होत नाही. पण ती मते द्यावयाच्या आधी ज्यांनी रात्रंदिवस पट मांडून एकेक फाटा तपासला, त्यांच्या मेहनतीने जगातल्या पहिल्या खेळाडूस घाम फोडला. त्यांतला एकही त्याच्या तोडीचा नव्हता.

आता आपण विचाराल, कामगार संघटनेच्या माणसाने खेळावर एवढे का बोलावे? कारण हाच प्रश्न कारखान्यात रोज उभा राहतो, आणि तेथे डावावर बोटे लागलेली असतात.

एका कारखान्यातली हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. पत्र्याचे भाग कापणारी पॉवर प्रेस होती. तिच्यावर वीस वर्षांचा अनुभव असलेला ऑपरेटर होता, आणि त्याच्या हातासारखा हात त्या शेडमध्ये दुसरा नव्हता. शेजारी कातरण उचलणारा एक कंत्राटी हेल्पर होता. प्रेस त्यास कोणी कधी चालवू दिली नव्हती. त्याचे काम खाली वाकून कातरण ओढण्याचे, त्यामुळे वर-खाली होणारा रॅम त्यास बाजूने, डोळ्यांच्या रेषेत दिसे. एके दिवशी तो म्हणाला, "दादा, मशीन थांबल्यावर वरचा भाग पूर्वी जागच्या जागी थांबायचा. आता बोटभर खाली सरकतो." प्रेसमधील ज्यास थोडे कळते त्यास याचा अर्थ ठाऊक आहे. ब्रेक झिजत चालला आहे, आणि न सांगता दुसरा ठोका पडण्याचा धोका आहे. पण ऑपरेटर हसला, आणि फोरमनने त्यास कातरणाकडे पाहावयास सांगितले. बारा दिवसांनी दुसरा ठोका पडला. ऑपरेटरच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. चौकशीला आम्ही संघटनेतर्फे बसलो होतो. कागदांत ब्रेकची तपासणी वेळेवर झाल्याची सही होती. हेल्परने सांगितल्याची नोंद कोठेच नव्हती, कारण हेल्परचे बोलणे नोंदवावयाचे असते हे कोणास ठाऊकच नव्हते.

त्या हेल्परला ब्रेक दुरुस्त करता आला असता काय? मुळीच नाही. त्याने तसे म्हटलेही नव्हते. 'बोटभर खाली सरकतो' एवढेच त्याने सांगितले होते. हॉटेलातल्या गृहस्थाने जे केले तेच त्याने केले. एके ठिकाणी ऐकणारा खुर्चीवरून उठून पट्टा बदलावयास गेला, दुसरीकडे ऐकणारे हसले. दोन्हीकडचा सल्ला सारख्याच मोलाचा होता.

त्यानंतर त्या कारखान्यात आम्ही एक मागणी लावून धरली आणि ती मान्य झाली. प्रत्येक प्रेसपाशी एक वही. कोणीही, कंत्राटी असो, शिकाऊ असो, झाडू मारणारी बाई असो, जे दिसले ते त्यात लिहावे किंवा लिहून घ्यावे, आणि मेंटेनन्सच्या माणसाने पाहून सही केल्यावाचून पुढची पाळी सुरू करू नये. वहीत उपाय लिहावयाचा नाही, दिसले तेवढेच लिहावयाचे. जपानमध्ये टोयोटा कारखान्याने कामगारांच्या सूचना घेण्याची पद्धत 1951 सालीच सुरू केली, आणि तेथे दोष दिसताच साध्या कामगारानेही दोरी ओढून इशारा द्यावा, प्रसंगी सारी साखळी थांबावी, अशी योजना आहे. आपल्या राज्यघटनेतही 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने कलम 43-अ घालून उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे तत्त्व लिहिले गेले. तत्त्व लिहिले गेले, पण शेडमध्ये ते वहीएवढे तरी उतरले पाहिजे.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मोठ्या खेळाडूस लहानाचे ऐकणे जड जाते ते नेहमी गर्वामुळेच असे नाही. आत्मविश्वास हे त्याचे हत्यार आहे. प्रत्येक शब्दागणिक त्याने स्वतःवर शंका घेतली तर हत्यारास गंज चढेल. वॉर्न यांच्या रागात हाही अंश होता, असे आम्हांस वाटते. म्हणून ऐकणे म्हणजे मानणे नव्हे, हे दोघांनीही ध्यानात ठेवावे. सांगणाऱ्याने सांगून बाजूस व्हावे. आपले मानलेच पाहिजे असा हट्ट धरू नये, कारण त्रिफळा उडाला तर तो त्याचा उडणार नाही. खेळणाऱ्याने ऐकून घ्यावे, पडताळावे, आणि मग मानावे की टाकावे हे स्वतःच ठरवावे, कारण जबाबदारी त्याचीच आहे. ऑपरेटरने हेल्परचे ऐकून, प्रेस थांबवून, स्वतः वाकून पाहिले असते आणि 'काही नाही' म्हणून पुन्हा चालू केली असती, तर त्याने आपले काम केले असे आम्ही म्हटले असते. पण त्याने पाहिलेच नाही.

आणि शेवटची गोष्ट श्रेयाची. लहानाने सांगितलेले खरे ठरले तर ते त्याच्या नावावर लिहावे. कारखान्यांतून आम्ही वर्षानुवर्षे पाहतो की, सूचना कामगाराची, कागद साहेबाचा आणि बक्षीसही साहेबाचे. एकदा असे झाले की तो कामगार पुढच्या वेळी दिसले तरी बोलत नाही. त्याचे डोळे फुकट जातात आणि कारखान्याचेही नुकसान होते. तेंडुलकर यांनी ती चेन्नईची गोष्ट वर्षानुवर्षे मनात ठेवून, निवृत्तीनंतर, आपणहून जगास सांगितली, आणि त्या गृहस्थास भेटण्याची इच्छा जाहीर केली. सांगितली नसती तर ती कोणास कळलीही नसती. शतके त्यांच्या नावावर होतीच. एका अनोळखी माणसाचा वाटा मान्य केल्याने त्यांतले एकही कमी झाले नाही.

तेव्हा आपणांस आमचे सांगणे एवढेच. आपणांपैकी कोणी डॉक्टर असतील, कोणी शिक्षक, कोणी गवई, कोणी कारखानदार. आपापल्या पटावर आपण कसलेले खेळाडू आहात. आपल्याभोवती वाकून काम करणारी माणसे आहेत. त्यांना आपल्यासारखे खेळता येत नाही. पण ती जेथून पाहतात तेथून आपण कधी पाहिलेले नसते. त्यांच्यापैकी कोणी उद्या संकोचाने जवळ येऊन म्हणाले, "एक बोलू का?", तर त्यास बसावयास सांगा आणि काय दिसले ते विचारा.

 आमच्या बोलण्यात कोणास काही चुकीचे दिसले असेल तर सभा संपल्यावर आम्ही येथेच थांबणार आहोत.